वस्तीतले रस्ते आणि वाहतुकीची सुरक्षितता: ठाणे व नवी मुंबईतील रहिवाशांचे नेहमीचे प्रश्न

कोपरखैरणे, नेरूळ, नौपाडा, घोडबंदर अशा निरनिराळ्या भागांतील रहिवासी आम्हाला आपल्या गल्लीतील रस्त्यांविषयी प्रश्न पाठवत असतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आम्ही अर्ज करून, कार्यालयांत हेलपाटे घालून आणि नियम वाचून जे शिकलो, ते या उत्तरांत आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या प्रश्नात सविस्तर आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या गल्लीत वाहने फार वेगाने जातात. सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी वेग मोजावा. यासाठी यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला एकमेकांपासून बरोबर २५ मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा करा आणि एखादे वाहन पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती वेळात पोहोचते, ते मोबाइलमधील स्टॉपवॉचवर पाहा. तीन सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, दोन सेकंद लागले तर ताशी ४५ आणि दीड सेकंद लागला तर ताशी ६०. शाळा सुटण्याच्या वेळी, संध्याकाळी आणि रात्री उशिरा अशा तीन वेळांना प्रत्येकी पन्नास वाहनांची नोंद करा. दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो असा प्रकारही लिहा.

हा खटाटोप कशासाठी, असे अनेकजण विचारतात. ‘वाहने फार वेगाने जातात’ या वाक्यावर कोणताही अभियंता निर्णय घेऊ शकत नाही. ‘रात्री नऊनंतर पन्नासपैकी एकतीस वाहनांचा वेग ताशी ४५ च्या वर होता’ अशा वाक्यावर मात्र घेऊ शकतो. शिवाय मोजल्यावर कित्येकदा वेगळेच चित्र दिसते. त्रास देणारी वाहने बाहेरची आहेत असे गृहीत धरलेले असते आणि निम्मी आपल्याच सोसायटीतील निघतात.

वेगातील थोडासा फरकही मोठा असतो. कोरड्या रस्त्यावर सजग चालकाला ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारे वाहन थांबवण्यासाठी सुमारे १३ मीटर लागतात, तर ताशी ५० वेगाला सुमारे २८ मीटर. चेंडूमागे धावत रस्त्यावर आलेले मूल वीस मीटरवर असेल, तर पहिला चालक त्याच्या अलीकडे थांबतो आणि दुसरा थांबू शकत नाही.

२. अर्ज नेमका कोणाकडे करायचा? प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते.

दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. रस्त्यावर काही बांधायचे, रंगवायचे किंवा दुरुस्त करायचे असेल, म्हणजे गतिरोधक, पदपथ, झेब्रा पट्टे, दुभाजक, दिवे, तर ते काम रस्त्याच्या मालकाचे. रस्त्यावर नियम लावायचा असेल, म्हणजे एकदिशा मार्ग, नो-पार्किंग, अवजड वाहनांना बंदी, तर तो अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५, ११६ व ११७ च्या आधारे वाहतूक पोलिसांकडून अधिसूचना काढून वापरला जातो. अर्ज एकाला लिहून प्रत दुसऱ्याला द्यावी.

रस्त्याचा मालक कोण, हे आपल्या भागात खरोखरच गुंतागुंतीचे आहे. नवी मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचे अंतर्गत रस्ते, तसेच ठाणे-बेलापूर रस्ता आणि पामबीच मार्ग महापालिकेकडे आहेत. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. उलवे आणि द्रोणागिरी येथे अजून सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई आखणाऱ्या शासकीय महामंडळाकडे, जावे लागते. खारघर, कामोठे, कळंबोली हे नोड (सिडकोने आखलेले उपनगरी भाग) २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत आहेत. ठाण्यात वस्तीतील रस्त्यांसाठी महापालिकेच्या प्रभाग समितीकडे जावे, परंतु घोडबंदर मार्गावर महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि मेट्रोमुळे एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशा तिघांची कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. तेथे तिघांनाही एकच पत्र द्यावे आणि पत्राच्या वरच्या भागात तिघांचीही नावे ठेवावीत, म्हणजे प्रत्येकाला उरलेल्या दोघांना पत्र गेल्याचे दिसते.

३. अर्ज फाइलमध्ये पडून राहू नये म्हणून तो कसा लिहावा?

एक जागा, एक अडचण, एक अर्ज. आम्ही पहिल्यांदा पाच रस्त्यांच्या पाच मागण्या एकाच पत्रात घातल्या होत्या. ते पत्र एका कार्यालयातील तीन विभागांत फिरले आणि प्रत्येक विभागाने आपल्याशी संबंधित नसलेल्या ओळी दाखवून ते पुढे पाठवले. तेव्हापासून आम्ही जवळच्या इमारतीचे किंवा दुकानाचे नाव देऊन जागा निश्चित करतो, छायाचित्रे दिवसा आणि रात्री अशी दोन्ही वेळची जोडतो आणि वेगाच्या नोंदी (प्रश्न १) तक्त्यात देतो. उपाय सुचवावा, पण हट्ट धरू नये. ‘येथे गतिरोधकच हवा’ असे लिहिले की अभियंता केवळ गतिरोधकाचे निकष तपासतो आणि ते बसत नसतील तर प्रकरण बंद करतो.

पोहोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. उत्तर आले नाही तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार करता येते आणि तेथे निवारणासाठी २१ दिवसांची मुदत ठरलेली आहे. त्यानंतर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा मार्ग आहे. त्यात १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत आहे, पण महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ‘का केले नाही’ असे न विचारता ‘आवक क्रमांक अमुकवर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत द्यावी’ असे मागावे, कारण या कायद्याने कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत.

४. गतिरोधकाची उंची-रुंदी किती असावी?

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत गोलाकार उंचवट्याचे माप स्पष्ट आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची १० सेंटिमीटर, वक्राची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला तो फारसा जाणवत नाही. त्याहून वेगाने गेल्यास जाणवतो. आधी ४० मीटरवर सूचनाफलक, उंचवट्यावर रात्री दिसतील असे पट्टे आणि वर दिवा असावा.

आपल्या गल्ल्यांमध्ये दिसणारे बहुतेक उंचवटे मात्र हातभरच रुंदीचे, पण उंच असतात. असा उंचवटा दुचाकीला उडवतो, रिक्षातील गर्भवतीला किंवा पाठीच्या रुग्णाला इजा करतो आणि मोठ्या गाडीला फारसा त्रास देत नाही, म्हणजे ज्याच्यापासून धोका कमी त्यालाच शिक्षा अधिक होते. बोल्ट लावून बसवलेल्या रबरी पट्ट्यांचे तुकडे पहिल्या पावसाळ्यात निघतात आणि उघडे बोल्ट रस्त्यावर राहतात. त्यांची छायाचित्रे काढून तातडीने कळवावे.

५. सोसायटीने स्वतःच्या खर्चाने गेटबाहेर गतिरोधक बांधला तर चालेल का?

सार्वजनिक रस्त्यावर चालणार नाही. परवानगीशिवाय बांधलेल्या उंचवट्यावर कोणी पडून जखमी झाल्यास जबाबदारी बांधणाऱ्यांवर, म्हणजे व्यवस्थापक समितीवर येऊ शकते. सोसायटीच्या आवारात, स्वतःच्या जागेत, बांधता येतो. तेथेही प्रश्न ४ मधील मापे पाळावीत आणि अग्निशमन गाडीच्या वाटेत तो येऊ देऊ नये.

६. गतिरोधकांमुळे रुग्णवाहिका अडते. मग आम्ही मागणी करावी की विरोध?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा येतो आणि बऱ्याचदा एकाच सोसायटीतून दोन्ही बाजूंनी येतो. आमचे मत असे आहे की गतिरोधक हा सर्वांत शेवटचा उपाय असावा. चालक किती वेगाने जाईल हे फलकापेक्षा रस्त्याच्या आकारावर अवलंबून असते. रुंद, सरळ, समोर अर्धा किलोमीटर मोकळा दिसणारा रस्ता चालकाला वेग वाढवायला सांगतो आणि मग आपण त्याच्या मध्ये एक उंचवटा ठेवून तोच वेग कमी करायला सांगतो. उंचवटा ओलांडला की चालक पुन्हा वेग घेतो. ब्रेकचा आणि गिअरचा आवाज रात्रभर पहिल्या मजल्यावर ऐकू येतो, आणि आपल्याकडील पावसात उंचवट्याच्या मागे पाणी साचून तेथेच खड्डा पडतो.

नवी मुंबईतील नोड सिडकोने १९७० नंतर आखले, तेव्हा सेक्टरांभोवतीचे रस्ते पुढील वाढीचा विचार करून प्रशस्त ठेवले गेले, आणि आज त्याच रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना शाळा, बाजार आणि वस्ती आहे. तेथे रस्त्याची रुंदी कमी भासेल असे बदल अधिक उपयोगी पडतात. कोपऱ्यावर पदपथ रस्त्यात थोडा पुढे आणल्यास रस्ता ओलांडण्याचे अंतर घटते आणि वळणारे वाहन आपोआप हळू होते. कोपऱ्याचा वक्र लहान ठेवला की वेगाने वळताच येत नाही. मार्गिका साडेतीन मीटरऐवजी तीन मीटरची रंगवून उरलेली जागा पदपथाला देता येते. लहान चौकात मध्यभागी छोटे वर्तुळ ठेवता येते. शाळा किंवा बाजाराजवळ पदपथाच्याच उंचीवर उचललेला सपाट झेब्रा मार्ग सर्वांत चांगला, कारण तेथे पादचारी खाली उतरत नाही, वाहन वर चढते, आणि लांब सपाट माथ्यामुळे रुग्णवाहिकेला अरुंद उंचवट्याइतका धक्का बसत नाही.

रुग्णालयाकडे जाणाऱ्या थेट रस्त्यावर आणि बसमार्गावर उंचवट्यांची रांग मागू नये. आतल्या गल्लीत, जेथून रुग्णवाहिका एखाद्याच इमारतीसाठी येणार आहे, तेथे योग्य मापाचा एक गतिरोधक मागण्यास हरकत नाही.

७. वस्तीत कायदेशीर वेगमर्यादा किती आहे?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींना कमाल ताशी ७० आणि दुचाकींना ताशी ६० किलोमीटर ही मर्यादा आहे. ही वरची मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११२ नुसार राज्य शासन किंवा त्याने अधिकृत केलेला अधिकारी ती विशिष्ट रस्त्यासाठी कमी करू शकतो. फेब्रुवारी २०२० मधील रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेतील स्टॉकहोम जाहीरनाम्याने जेथे पादचारी आणि वाहने मिसळतात तेथे ताशी ३० ही मर्यादा सुचवली आहे आणि वस्तीसाठी अर्ज करताना हाच आकडा मागावा. सोसायटीने स्वतः लावलेला ‘वेगमर्यादा २०’ हा फलक विनंती म्हणून ठीक आहे, पण सार्वजनिक रस्त्यावर त्याला कायदेशीर आधार नाही.

८. झेब्रा क्रॉसिंगवर आधी कोणी जायचे, वाहनाने की पादचाऱ्याने?

सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याने. २०१७ च्या वाहन चालविण्याच्या विनियमांनुसार चालकाने वेग कमी करणे, थांबणे आणि पादचाऱ्याला वाट देणे बंधनकारक आहे. व्यवहारात हे घडत नाही, हे आम्हालाही दिसते. त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये. ज्येष्ठांची आणि मुलांची ये-जा असलेल्या ठिकाणी उचललेला झेब्रा मार्ग मागावा (प्रश्न ६). पट्टे रंगवण्याची मागणी पावसाळा संपता संपता करावी, कारण त्या रंगाला कोरडा रस्ता लागतो आणि मे महिन्यात मारलेले पट्टे ऑगस्टपर्यंत पुसट होतात.

९. सिग्नलवर आजी-आजोबांचे रस्ता ओलांडणे पूर्ण होत नाही. वेळ वाढवून मिळतो का?

मिळतो आणि त्यासाठी साधे गणित पुरते. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत आहे. सहा मार्गिकांचा, म्हणजे सुमारे २१ मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्या हिशेबाने १८ सेकंद लागतात. काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीचा वेग सेकंदाला ०.८ मीटर असला तर तिला २६ सेकंद हवेत. चौकाची रुंदी पावलांनी न मोजता टेपने मोजा, हिरव्या माणसाचे सेकंद मोजा आणि फरक लिहून वाहतूक शाखेला द्या. दुभाजकावर थांबण्यासाठी किमान एक चाकाची खुर्ची मावेल इतकी सुरक्षित जागा मागणे हाही चांगला पर्याय आहे.

१०. घोडबंदर मार्गावर पादचारी पूल असूनही लोक खालून का जातात? त्यांना दंड का करत नाहीत?

पूल चढायचा म्हणजे दोन मजले चढून दोन मजले उतरायचे. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असलेली किंवा गुडघे दुखणारी व्यक्ती, किंवा कडेवर मूल घेतलेली आई, हे करत नाही आणि तिला दंड करून ती करू लागणार नाही. अनेक ठिकाणी पूल बसथांब्यापासून दूर आहेत, त्यामुळे वाट दुप्पट होते. महामार्गासारख्या अतिवेगवान रस्त्यावर पूल किंवा भुयारी मार्ग आवश्यक ठरतो, पण तेथे लिफ्ट चालू असली पाहिजे, दिवे हवेत आणि थांबा पुलाच्या पायथ्याशीच आणला पाहिजे. दर रात्री बंद राहणाऱ्या लिफ्टची तक्रार तारीख-वेळेसह नोंदवत राहिल्यास तिचा उपयोग होतो. वस्तीतील रस्त्यांवर मात्र पुलाची मागणी करू नये; तेथे जमिनीवरच ओलांडता आले पाहिजे.

११. पदपथ किती रुंद असावा? आमच्याकडे तो प्रत्येक गेटपाशी तुटतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ मधील पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि उताराचे प्रमाण बारास एक असावे. विजेचा खांब, डीपी बॉक्स (वीजवितरणाची पेटी), झाडाचे आळे आणि फलक यांची जागा या १.८ मीटरच्या बाहेर धरायची असते. मोजताना भिंतीपासून कडेपर्यंत न मोजता सर्वांत चिंचोळ्या जागी मोजा.

गेटपाशी पदपथ तुटतो, कारण मोटारीला सपाट वाट देण्यासाठी तो कापला जातो. योग्य पद्धत उलट आहे: पदपथ त्याच पातळीवर अखंड राहतो आणि मोटार छोट्या उतारावरून त्यावर चढून आत जाते. आपल्या सोसायटीचे गेट दुरुस्त होत असेल तेव्हा समितीला हे आधी सांगावे. ही तक्रार महापालिकेआधी आपल्या दाराशी सुटू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, अडथळेमुक्त आणि दिव्यांगांना वापरता येतील असे पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे; अर्जात त्याचा उल्लेख अवश्य करावा.

१२. पदपथावर फेरीवाले बसतात. ते हटवण्यासाठी काय करावे?

पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार फेरीवाल्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रीक्षेत्र ठरवण्याचे काम नगर पथविक्रेता समितीकडे आहे आणि त्या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. महापालिकेने सरसकट सर्वांना उठवावे, ही मागणी त्यामुळे टिकत नाही आणि आम्ही ती करतही नाही. ज्या बाईकडून आपण रोज मेथीची जुडी घेतो, तिच्यामुळे आपला पदपथ अडतो हे जसे खरे, तसेच तिची जागा आखून देणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे हेही खरे. ‘या पदपथावर १.८ मीटर मोकळे ठेवून उरलेली जागा आखून द्यावी, आणि जेथे तितकी रुंदी नाही तेथे विक्रीबंद क्षेत्र जाहीर करावे’, अशी मागणी अधिक परिणामकारक ठरते. पक्के ओटे, दुकानांचे पुढे आलेले पत्रे आणि उभी केलेली वाहने यांची तक्रार मात्र अतिक्रमण विभागाकडे स्वतंत्रपणे करावी. पदपथ अडवणाऱ्यांत त्यांचा वाटा बहुतेक वेळा मोठा असतो.

१३. गल्लीच्या दोन्ही बाजूंना वाहने उभी असतात. अग्निशमन गाडी आत येईल का?

कोपरखैरणे आणि ऐरोलीतील लहान भूखंडांच्या गल्ल्यांमध्ये हा प्रश्न जीवावर बेतणारा आहे. ही घरे आखली तेव्हा घरटी वाहन असेल अशी कल्पना नव्हती. आज एकेका घरावर तीन मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावर दुचाकी, मोटार. रात्री अकराच्या सुमारास टेप घेऊन दोन उभ्या वाहनांमधील अंतर मोजा आणि ते छायाचित्रासह अग्निशमन केंद्राला व वाहतूक शाखेला कळवा. केंद्रप्रमुखांना प्रत्यक्ष गाडी आणून पाहण्याची विनंती करता येते. गाडी कोठे अडकते हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिल्यावर जितका फरक पडतो, तितका पत्राने पडत नाही.

उपाय म्हणून जुन्या ठाण्यात चालते तशी सम-विषम तारखांची पद्धत मागता येते, म्हणजे एका दिवशी एकाच बाजूला वाहने. त्याहून तातडीची गोष्ट कोपऱ्यांची आहे. वळणापाशी उभी केलेली एक मोटार अग्निशमन गाडीचे वळण बंद करते आणि पादचाऱ्याला येणारे वाहन दिसू देत नाही. कोपरा वाहनमुक्त ठेवण्यासाठी तेथे पदपथ पुढे आणणे (प्रश्न ६) हे पिवळ्या पट्ट्यापेक्षा खात्रीचे.

१४. दुकानासमोर किंवा घरासमोर कुंड्या, टायर ठेवून जागा राखता येते का?

नाही. सार्वजनिक रस्त्यावरील जागा समोरच्या मालमत्तेची नसते. गेटसमोर वाहन लावून वाट अडवणे हा मात्र वाहनचालकाचा गुन्हा आहे आणि ‘महाट्रॅफिक’ अॅपवरून छायाचित्रासह त्याची तक्रार करता येते.

१५. गल्ली एकदिशा केली तर ती सुरक्षित होईल का?

कोंडी सुटेल, सुरक्षितता वाढेलच असे नाही. समोरून कोणी येणार नाही याची खात्री झाली की चालक वेग वाढवतो. गावठाणातल्या किंवा नौपाड्यासारख्या जुन्या भागातील चिंचोळ्या रस्त्यांवर एकदिशा मार्ग उपयोगी पडतो, पण वळसा फार लांब झाला की दुचाकीस्वार उलट्या दिशेने येऊ लागतात. उलट्या दिशेने वाहन चालवणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते.

वाहतूक शाखा असे बदल अनेकदा प्रायोगिक तत्त्वावर काही दिवसांसाठी लागू करते आणि अधिसूचनेत हरकती व सूचना मागवते. रहिवासी बहुतेक वेळा येथेच चुकतात: प्रयोग चालू असताना गप्प राहतात आणि तो कायम झाल्यावर मोर्चा काढतात. त्या दिवसांत प्रश्न १ प्रमाणे आधीचा आणि नंतरचा वेग मोजून लेखी सूचना द्यावी. रिक्षा थांबे आणि शाळेच्या बसचे मार्ग यांवर काय परिणाम होतो, तेही लिहावे.

१६. शाळा भरताना आणि सुटताना गेटसमोर गोंधळ होतो. पालकांनी काय करावे?

महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असावी लागते. ती आहे का आणि शेवटची बैठक कधी झाली, हे विचारण्यापासून सुरुवात करा. गोंधळाचे मोठे कारण बहुतेक ठिकाणी आपणच, म्हणजे मुलाला अगदी दारात सोडू पाहणारे पालक असतो. दोनशे-तीनशे मीटरवर उतरण्याची एक जागा ठरवावी, तेथून मुलांनी गटाने पदपथावरून चालत यावे आणि काही पालकांनी आळीपाळीने सोबत करावी. शाळेच्या वेळेपुरती त्या रस्त्यावर वाहनबंदी करण्याची विनंती वाहतूक शाखेकडे करता येते (प्रश्न २). प्राथमिकच्या आणि माध्यमिकच्या वेळांत पंधरा-वीस मिनिटांचे अंतर ठेवणे पूर्णपणे शाळेच्या हातात आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

१७. आंधळ्या वळणावर मोठा गोल आरसा लावावा का?

सोसायटीच्या गेटपाशी, वाहन बाहेर काढताना, लावावा. चौकात त्याच्यावर विसंबू नये, कारण बहिर्गोल आरशात वाहन आहे त्यापेक्षा दूर दिसते आणि पावसात काही दिसत नाही. आधी वळणावरील फलक, वाढलेल्या फांद्या आणि उभी वाहने दूर करावीत.

१८. बाहेरची वाहने येऊ नयेत म्हणून गल्लीच्या तोंडाशी आम्ही लोखंडी गेट लावू शकतो का?

रस्ता महापालिकेच्या ताब्यात असेल तर नाही, मग त्याची देखभाल वर्षानुवर्षे रहिवाशांनी केलेली असली तरीही. अभिन्यासातील (लेआउटमधील) रस्ता खाजगी आहे असे वाटत असल्यास मंजूर नकाशा आणि हस्तांतरणाची कागदपत्रे नगररचना विभागाकडून मागवून पाहावीत. मार्ग सार्वजनिकच निघाला, तर पायी आणि सायकलने जाता येईल पण मोटारींना आरपार जाता येणार नाही, अशी खांबांची रचना महापालिका आणि वाहतूक शाखा यांच्याकडून करून घेता येते. काढता येणारा मधला खांब ठेवल्यास आपत्कालीन गाड्या अडत नाहीत, मात्र त्याची किल्ली चोवीस तास कोणाकडे आहे हे अग्निशमन केंद्राला लेखी कळवलेले असावे.

१९. सोसायटीच्या आवारात अपघात झाला तर मोटार वाहन कायदा लागू होतो का?

कायद्यातील ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येत, जनतेला जेथे जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा येते, ती रहदारीचा रस्ता असो वा नसो. न्यायालयांनी या व्याख्येचा अर्थ बहुतेक वेळा व्यापक घेतला आहे, पण प्रत्येक आवाराची परिस्थिती वेगळी असते. म्हणून ‘आपसांत मिटवू’ असे न म्हणता पोलिसांत नोंद करावी आणि विमा कंपनीला कळवावे. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्या शेजाऱ्याला कलम १३४-अ खाली संरक्षण आहे; त्याला साक्षीसाठी किंवा खर्चासाठी अडवून ठेवता येत नाही.

२०. मुलगा सोळा वर्षांचा आहे. सोसायटीत किंवा क्लासपर्यंत स्कूटर चालवली तर?

मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो, पण घरातली स्कूटर त्यात बसत नाही. २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणारी विजेवरची दुचाकी परवान्याशिवाय चालवता येते. दुकानदाराच्या शब्दावर न जाता तिची कागदपत्रे तपासावीत आणि हेल्मेट तरीही घालायला लावावे.

२१. खड्ड्यामुळे अपघात झाला. भरपाई मिळते का?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. महापालिका हद्दीतील दाव्यांसाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. पुरावा त्याच दिवशी गोळा करावा लागतो, कारण अपघातानंतर खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जाण्याचा अनुभव अनेकांना आहे. खड्ड्याजवळ टेप किंवा पाण्याची बाटली ठेवून छायाचित्र, पोलिसांतील नोंद आणि रुग्णालयाची कागदपत्रे एकत्र ठेवा. सदोष आखणी किंवा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९८-अ नुसार जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

२२. कोणाचा जीव गेल्याशिवाय जागा ‘धोकादायक’ ठरत नाही का?

अपघातप्रवण स्थळाची केंद्रीय व्याख्या अशी आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, अथवा १० मृत्यू. ही व्याख्या महामार्गांसाठी ठरवलेली आहे. गल्लीतला रस्ता या कसोटीला उतरेपर्यंत थांबणे कोणालाही मान्य होणार नाही आणि थांबण्याची गरजही नाही, कारण गतिरोधक, पट्टे किंवा पदपथ देण्यासाठी ती जागा या यादीत असावी अशी अट नाही. ‘तेथे अपघातांची नोंद नाही’ असे उत्तर मिळाल्यास थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची वही ठेवा: तारीख, वेळ, काय घडले, कोणी पाहिले. आमच्या चौकातल्या औषधांच्या दुकानदाराने अशी वही चार महिने ठेवली होती; तिच्या प्रती जोडल्यावर अभियंते पाहणीला आले. किरकोळ दुखापतीचीही पोलिसांत नोंद करावी. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे जाणारी आकडेवारी त्याच नोंदींतून बनते.

२३. रस्ता नव्याने डांबरी केला आणि गतिरोधक, झेब्रा पट्टे सगळे नाहीसे झाले. आता पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा का?

नाही. जुन्या मंजुरीचा आवक क्रमांक आणि आधीची छायाचित्रे देऊन ‘पूर्ववत करावे’ एवढाच अर्ज करावा. त्याहून चांगले म्हणजे काम सुरू होण्याआधीच माहितीच्या अधिकारात कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत मागवून त्यात पट्टे, फलक आणि गतिरोधक धरले आहेत का, हे पाहणे. धरलेले असतील तर ते पूर्ण झाल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक देऊ नये, असे कार्यकारी अभियंत्यांना लेखी कळवता येते. नवे डांबर जुन्यावरच चढवले असेल तर पदपथाची उंची घटते आणि मॅनहोलची झाकणे खोल जातात, त्यामुळे डांबर टाकण्याआधी जुना थर खरवडला जातो आहे का, हे काम चालू असतानाच उभे राहून पाहावे. ही कामे बहुधा रात्री होतात, म्हणून सोसायटीतील दोघा-तिघांनी त्या रात्रींची पाळी आधीच वाटून घ्यावी.